मॅप नाही, रंग नाहीत, कोपऱ्यात नुसता उलटा आकडा: गेमबॉयवरचा मेट्रॉइड २ असा का आहे

मेट्रॉइड २ चा विषय निघाला की दोन तक्रारी हमखास येतात. एक म्हणजे सगळ्या गुहा सारख्याच दिसतात, आणि दुसरी म्हणजे मॅप नाही त्यामुळे माणूस दहा मिनिटांत हरवतो. दोन्ही खऱ्या आहेत, वाद घालण्यात अर्थ नाही. पण आज हा गेम परत लावून शांतपणे खेळलात तर एक गोष्ट लक्षात येते, की ज्या कारणांमुळे तो त्रास देतो त्याच कारणांमुळे तो अंगावर येतो. आणि ती कारणं बरीचशी त्या मशीनमध्ये आहेत. म्हणून आधी मशीन समजून घेऊ, मग गेम, आणि मग त्याचे जे नवीन रिमेक आले त्यांत नक्की काय सुटलं ते बघू. (शेवटाबद्दलही बोलणार आहे, तीस वर्षं जुना गेम आहे, त्यामुळे स्पॉयलरची तक्रार चालणार नाही.)

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेट्रॉइड ही निन्टेन्डोची सिरीज, पहिला गेम १९८६ चा. सॅमस अरान नावाची एक अंतराळातली बाउंटी हंटर, म्हणजे इनामासाठी शिकार करणारी, अंगात पॉवर सूट, एका हाताच्या जागी तोफ, आणि मेट्रॉइड म्हणजे जिवंत प्राण्यांची ऊर्जा शोषून घेणारे तरंगणारे जीव. दुसरा भाग, रिटर्न ऑफ सॅमस, गेमबॉय या निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या मशीनसाठी १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत आला आणि जपानमध्ये १९९२ च्या जानेवारीत, म्हणजे नेहमीच्या उलट क्रमाने. गोष्ट एका ओळीत संपते: हे मेट्रॉइड फार धोकादायक आहेत असं ठरलंय, म्हणून सॅमसला त्यांच्या मूळ ग्रहावर, एसआर३८८ वर, पाठवलंय आणि काम आहे सगळे मारून टाकायचं. सगळे म्हणजे अक्षरशः सगळे.

आता मशीन. गेमबॉय १९८९ चा, आणि तो मुद्दामच साधा ठेवलेला होता. त्याच सुमाराला अटारीचा लिंक्स आणि सेगाचा गेम गिअर हे रंगीत, आतून उजेड असलेले हँडहेल्ड आले होते, पण गेम गिअर सहा पेन्सिल सेल काही तासांत खाऊन टाकायचा. गेमबॉयला चार सेल लागायचे आणि तो त्याच्या कितीतरी पट जास्त चालायचा, कारण त्यात ना रंग होते ना स्क्रीनच्या मागे लाइट. हा विचार गुनपेई योकोई यांचा, की जुनं, स्वस्त, चांगलं घोटलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्यातून काहीतरी नवीन काढायचं. आणि हेच योकोई मेट्रॉइड २ चे प्रोड्युसर होते, निन्टेन्डोच्या आरअँडडी१ या त्यांच्या टीमनेच तो बनवला. म्हणजे ज्यांनी स्क्रीन छोटी ठेवली त्यांनीच त्या स्क्रीनसाठी गेम करायला घेतला.

ती स्क्रीन किती छोटी, तर १६० बाय १४४ पिक्सेल. पहिला मेट्रॉइड ज्या घरच्या मशीनवर होता त्या एनईएसची स्क्रीन २५६ बाय २४०. गुणाकार करून बघा, गेमबॉयला त्याच्या चाळीस टक्क्यांपेक्षाही कमी जागा मिळते. आता टीमपुढे दोन रस्ते होते. एकतर सॅमसला बारीक करायचं, म्हणजे आजूबाजूचं जास्त दिसेल, किंवा तिला मोठीच ठेवायची, म्हणजे ती नीट ओळखू येईल पण तिच्याभोवतीचं जग कमी दिसेल. त्यांनी दुसरा रस्ता घेतला. सॅमस मोठी, ठसठशीत आहे आणि स्क्रीनवर तिच्या पुढेमागे चार पावलं जागा उरते. म्हणून हा गेम खेळताना अनोळखी घरात लाइट गेल्यावर एक छोटा टॉर्च घेऊन फिरल्यासारखं वाटतं, पुढचं जे काही आहे ते अगदी जवळ आल्यावरच दिसतं आणि तोपर्यंत त्यानेही तुम्हाला बघितलेलं असतं.

आता सगळ्या गुहा सारख्या का, हा प्रश्न. त्या काळचे गेम चित्रं अख्खी साठवत नसत, टाइलमध्ये साठवत. टाइल म्हणजे ८ बाय ८ पिक्सेलचा एक चौकोनी तुकडा, दगडाचा एक, खांबाचा एक, काट्याचा एक, आणि हेच तुकडे परत परत मांडून अख्खी खोली उभी करायची. का, ते हिशोबाने बघा. गेमबॉयमध्ये चारच छटा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला २ बिट लागतात. एक स्क्रीन चित्र म्हणून जशीच्या तशी साठवली तर ५७६० बाइट जातात. मेट्रॉइड २ चं अख्खं कार्ट्रिज २५६ केबीचं, त्यात अशा जेमतेम ४५ स्क्रीन बसल्या असत्या आणि मग प्रोग्रामला, आवाजाला, शत्रूंना शून्य जागा. तेच टाइलने केलं तर एका स्क्रीनवर २० बाय १८ म्हणजे ३६० टाइल, आणि प्रत्येकीचा फक्त नंबर लिहायचा, ३६० बाइट. एकदम सोळापट बचत. शिवाय गेमबॉयच्या व्हिडिओ मेमरीत एका वेळी एकूण ३८४ च टाइलची चित्रं मावतात आणि त्यातच सॅमस, शत्रू, गोळ्या, आकडे सगळं आलं, त्यामुळे दगडाचे पन्नास वेगवेगळे नमुने करायची चैन नव्हतीच. म्हणून तोच दगड, तीच वाळू, तेच खांब. रंग असते तर निदान ही निळी गुहा, ती लाल गुहा असं तरी करता आलं असतं (पहिल्या भागात तसंच केलंय), इथे तोही मार्ग बंद.

रंग नसण्याचा एक मजेदार परिणाम मात्र अजूनपर्यंत टिकून आहे. पहिल्या गेममध्ये सॅमसला व्हेरिया सूट, म्हणजे जास्त मजबूत सूट, मिळाला की तिच्या सूटचा फक्त रंग बदलायचा. गेमबॉयवर रंगच नाही, मग खेळणाऱ्याला कळणार कसं? म्हणून तिचे खांदे मोठे गोल करून टाकले, लांबूनही फरक दिसावा म्हणून. आज सॅमस म्हटलं की डोळ्यांसमोर जे ते भलेमोठे गोल खांदे येतात ना, ते या अडचणीतून आलेत! पुढे रंगीत मशीन आली तरी ते कुणी काढले नाहीत. तसंच मिसाइल चालू केलं की तोफेचं तोंड उघडतं, तेही याच कारणाने, आकारातूनच सांगायचं. आणि पहिल्या भागात खाली बसता येत नव्हतं, बुटका शत्रू पायाशी आला की गोळी त्याच्या डोक्यावरून जायची, इथे सॅमस वाकून गोळी मारते आणि उडी मारून थेट खालीही मारते, म्हणजे हातात घेतल्यावर हा भाग पहिल्यापेक्षा खूपच बरा वाटतो.

अजून एक मशीनची गोष्ट, मग पुढे जाऊ. हलणाऱ्या गोष्टींना स्प्राइट म्हणतात, गेमबॉयला एका वेळी असे ४० तुकडे दाखवता येतात आणि एका आडव्या रेषेवर फक्त १०, अकरावा गायब. मोठी सॅमस स्वतःच अशा कितीतरी तुकड्यांची बनलेली. त्यामुळे तिच्या समोर मोठा शत्रू आणला की बाकी गर्दी करायला वावच उरत नाही. म्हणून मेट्रॉइडशी मारामारी बहुतेक वेळा एकास एक असते, बंद खोलीत, अगदी जवळून. ह्या गोष्टीने गेमचा स्वभावच ठरवला असं माझं मत आहे.

आता खरा मुद्दा, गेमची रचना. मेट्रॉइडसारख्या गेममध्ये साधारणपणे काय असतं, तर एक मोठं जग असतं, रस्ते अडवलेले असतात, आणि नवीन शक्ती मिळाली की जुना अडलेला रस्ता उघडतो. उंच उडी मिळाली की वरचा दरवाजा, बॉम्ब मिळाले की भिंत, असं. मेट्रॉइड २ मध्ये हे थोडंफार आहे, पण मुख्य कुलूप वेगळंच आहे. ग्रहाच्या पोटात खाली खाली जाणारा एक मुख्य बोगदा आहे आणि त्यात अ‍ॅसिड भरलंय, पाय टाकला की एनर्जी भराभर उतरते. बोगद्याच्या बाजूला एकेक भाग आहे. त्या भागातले सगळे मेट्रॉइड मारले की जमीन हादरते, स्क्रीन थरथरते, आणि अ‍ॅसिडची पातळी खाली जाते. तुम्ही परत बोगद्यात येता, तर जिथे अ‍ॅसिड होतं तिथे आता रस्ता आहे. मग पुढचा भाग, परत तेच.

थोडा विचार केला की ही युक्ती किती हुशारीची आहे ते कळतं. मॅप दाखवायचा नाही म्हटल्यावर खेळणारा हरवणार हे टीमला माहीत असणारच. मग त्यांनी काय केलं, तर हरवायची हद्द आखून दिली. वर जे होतं ते संपवून झालंय, खाली अ‍ॅसिड आहे, म्हणजे उरलेला मेट्रॉइड ह्याच भागात कुठेतरी असणार, दुसरीकडे असूच शकत नाही. तुम्ही हरवता, पण दहा खोल्यांत हरवता, शंभर खोल्यांत नाही. (तरी चिडचिड होते, हे कबूल. तिसऱ्या-चौथ्या भागात एकाच खोलीत परत परत आल्यावर भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.) आणि स्पायडर बॉल लवकरच मिळतो, म्हणजे सॅमस गोळा होऊन भिंतीला, छताला चिकटून सरपटू शकते, त्यामुळे सगळ्या दिशा एकदम मोकळ्या होतात, आता रस्ता छतातही असू शकतो. काळ्या पोकळीत एका भिंतीला धरून वर सरकत राहायचं, खालची जमीन दिसेनाशी झालेली, वर छत येईल की नाही ठाऊक नाही, स्क्रीनवर फक्त एक गोळा आणि दगडाची एक कड. नुसती छोटी स्क्रीन आणि काळा रंग, पण त्या सरपटण्यात जी धाकधूक होते ती मोठ्या टीव्हीवरच्या कितीतरी गेममध्ये होत नाही.

आणि मग तो आकडा. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात सुरुवातीला ३९ लिहिलेलं असतं, एकूण एवढे मेट्रॉइड शिल्लक. पॉज केलं की दुसरा आकडा दिसतो, पुढचा भूकंप व्हायला अजून किती मारायचे तो. बाकी गेममध्ये आकडे वाढतात, पॉइंट, नाणी, लेव्हल. इथे आकडा कमी होत जातो आणि तो शत्रूंच्या अख्ख्या जातीचा आकडा आहे. सुरुवातीला मजा वाटते, ३८, ३७, चला. पुढे पुढे तसं वाटत नाही. त्यात हे जीव वाढत्या वयाचे आहेत, आधी तरंगणारी अळी, मग कात टाकून अल्फा, मग गॅमा, झेटा, ओमेगा, प्रत्येक टप्पा आधीपेक्षा मोठा आणि चिवट, आणि त्यांच्यावर चालतं ते फक्त मिसाइल. पहिला अल्फा तर तुमच्या डोळ्यांदेखत कात टाकून बाहेर येतो. नंतर एखाद्या खोलीत रिकामी टाकलेली कात दिसली की समजायचं, जवळपास आहे कुठेतरी. इथे गेमने एक शब्दही न बोलता तुम्हाला शिकारी करून ठेवलंय, ठसे बघायचे, खोली शोधायची, मारायचं, आकडा एकने कमी.

आवाजही तसाच वापरलाय. गेमबॉयकडे आवाजाचे चारच चॅनल. मुख्य बोगद्यात बरी चाल आहे, उत्साहाची, पण आतल्या गुहांमध्ये धुन अशी नाहीच, नुसते तुटक टिकटिक, किरकिर, मध्ये बराच वेळ जवळजवळ काहीच नाही. काही लोकांना हे संगीत भिकार वाटतं, आणि नुसतं ऐकायला घेतलं तर आहेच. पण त्या शांततेत मेट्रॉइड समोर आला की मारामारीचं संगीत धाडकन सुरू होतं आणि दचकायला होतं, अजूनही होतं.

शेवटाकडे येताना गेम एक डाव टाकतो, आणि माझ्या मते गेमबॉयच्या सगळ्या काळातल्या चांगल्या डावांपैकी तो एक आहे. आकडा १ वर येतो. एकच उरला. तुम्ही एका जवळजवळ रिकाम्या भागातून चालत जाता, एक अंडं फुटतं, जमीन हादरते आणि कोपऱ्यातला १ चा ९ होतो. बस, एवढंच. ना कटसीन (मध्येच दाखवतात ती छोटी फिल्म), ना संवाद. इतके तास ज्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला त्याने एका क्षणात तोंडघशी पाडलं. आणि आता समोर येतात त्या मूळ अळ्या, पहिल्या गेममधल्या, ज्या अंगाला चिकटल्या की सुटत नाहीत, आइस बीमने, म्हणजे तोफेच्या गोठवणाऱ्या किरणाने, गोठवून मग पाच मिसाइल मारायची.

त्यानंतर राणी. तिच्याशी लढायला नुसती मिसाइल मारत बसता येतं, किंवा ती तोंड उघडते तेव्हा गोळा होऊन सरळ तोंडात शिरायचं आणि आत बॉम्ब टाकायचा, जो प्रकार किळसवाणा आहे पण बॉम्ब टाकायची सगळ्यात समाधानकारक जागा तीच. राणी मरते, आणि मागे एक शेवटचं अंडं असतं. ते फुटतं, बारका मेट्रॉइड बाहेर येतो, आणि पहिली दिसलेली व्यक्ती म्हणून सॅमसलाच आई समजून तिच्या मागे मागे फिरायला लागतो. वरती परत जायच्या रस्त्यात काही ब्लॉक आहेत जे तुमच्या कुठल्याच हत्याराने फुटत नाहीत, ते हे पिल्लू खाऊन टाकतं. जहाजापर्यंतच्या त्या रस्त्यावर एकही शत्रू नाही. संगीत मऊ झालेलं. गेम संपतो.

ह्या एका प्रसंगावर पुढची अख्खी सिरीज उभी आहे. १९९४ च्या सुपर मेट्रॉइडची सुरुवात ह्याच पिल्लापासून होते आणि शेवटी तेच सॅमसला वाचवायला स्वतःचा जीव देतं. २००२ च्या मेट्रॉइड फ्यूजनमध्ये तर सगळाच हिशोब उलटा फिरतो, एसआर३८८ वर एक्स नावाचे परजीवी होते, त्यांना आटोक्यात ठेवायलाच मेट्रॉइड बनवले गेले होते, आणि सॅमसने मेट्रॉइड संपवल्यावर एक्सला रान मोकळं मिळालं. तो एक्स सॅमसला होतो आणि ती जगते ती त्याच पिल्लाच्या पेशींपासून केलेल्या लसीमुळे. म्हणजे ३९ च्या आकड्यामागे लागून आपण काय केलं त्याचं बिल अकरा वर्षांनी आलं.

आता रिमेक. २०१६ च्या ऑगस्टमध्ये, पहिल्या मेट्रॉइडला बरोब्बर तीस वर्षं झाली त्या दिवशी, एका चाहत्याने वर्षानुवर्षं खपून केलेला एएमटूआर हा फुकट रिमेक आला आणि निन्टेन्डोच्या कायदेशीर नोटिशीमुळे लगेचच अधिकृत डाउनलोड काढून घ्यावा लागला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१७ मध्ये, निन्टेन्डोने स्वतः थ्रीडीएस या आपल्या नंतरच्या हँडहेल्डवर सॅमस रिटर्न्स आणला, बनवला मर्क्युरीस्टीम या स्पॅनिश स्टुडिओने, ज्यांनी नंतर २०२१ मध्ये मेट्रॉइड ड्रेड केला. दोन्हींत मॅप आहे, रंग आहेत, प्रत्येक भाग वेगळा दिसतो, नेम धरायला सोपं. खेळायला दोन्ही मूळ गेमपेक्षा सोयीचे आहेत, हे नाकारण्यात मतलब नाही.

पण सॅमस रिटर्न्समध्ये मोठी स्क्रीन आणि मॅप आल्यावर मेट्रॉइड शोधणं म्हणजे यादीतली कामं उरकणं झालं. शत्रू अंगावर आला की हाताने फटका मारून उलटवायचा, ही नवी चाल छान आहे, पण त्यामुळे सॅमस कायम वरचढ वाटते, मूळ गेममध्ये ती तशी कधीच वाटत नाही. आणि शेवट! राणी मेली, पिल्लू मिळालं, आता शांतपणे वर जायचं, तर तिथे रिडली हा जुना खलनायक आणून एक दणदणीत बॉस फाइट लावलीय. फाइट म्हणून चांगली आहे हो. पण रिकाम्या रस्त्यावरून मारायला काहीही उरलेलं नसताना चालत जाणं हाच जिथे मुद्दा होता, तिथे मारायला कुणीतरी आणून ठेवणं मला अजिबात पटलं नाही.

मूळ गेम आज खेळायचा असेल तर निन्टेन्डो स्विच ऑनलाइन या वर्गणीच्या सेवेवर तो २०२३ च्या फेब्रुवारीपासून आहे, गेमबॉयचे गेम तिथे आले तेव्हा पहिल्याच यादीत होता. जुनं कार्ट्रिज मिळालं तर आधी सेव्ह होतंय का ते तपासा, कारण तीन सेव्ह फाइल सांभाळायला आत एक छोटी बॅटरी असते आणि इतक्या वर्षांनी ती मेलेली असण्याची शक्यता बरीच, ती बदलायला डाग द्यावा लागतो म्हणजे हाताला सोल्डरिंगची सवय हवी. गेमबॉय कलरवर लावलात तर थोडे रंगही दिसतील, त्या मशीनमध्येच ह्या गेमसाठी वेगळी रंगसंगती भरून ठेवलीय. शेजारी कागद-पेन्सिल ठेवा आणि मॅप स्वतः काढा, नेटवरचा तयार मॅप बघून खेळलात तर निम्मा गेम तिथेच गेला. बीम एका वेळी एकच जवळ राहतो, नवा घेतला की जुना जातो, त्यामुळे प्लाझ्मा बीम कितीही जोरदार वाटला तरी शेवटच्या अळ्यांच्या आधी आइस बीम परत घ्या आणि मिसाइल काठोकाठ भरून मगच आत शिरा.